बिनतेलाचं पेट्रोल

अप्पा, करवत सुरू झाली. काल गिंडीहून दुरुस्त करून आणली आणि आज सकाळी गेटपाशी उभी राहून मीच दोरी ओढली. चौथ्या झटक्याला धूर आला, सहाव्याला आवाज. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्याआधी दोन वर्षं ती जिन्याखाली गोणपाटात पडून होती. इंजिन जाम झालं त्या दिवसापासून शेवटपर्यंत तुम्ही एकच म्हणत राहिलात, की मी पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरलो. तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही तेल मोजूनच घातलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि तेच सांगायला बसले आहे.

पण आधी ती करवत घरात आली ते दिवस आठवू द्या. वादळानं वेलचेरीतली निम्मी झाडं आडवी केली, आपली गल्ली चार दिवस बंद राहिली, आणि कोयत्यानं फांद्या तोडणाऱ्या माणसांकडे बघत तुम्ही गॅलरीत चुळबुळत होतात. पाचव्या दिवशी गिंडीच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून ही चेनसॉ घेऊन आलात. कधीकाळी नारिंगी असावी. मी म्हटलं, "अप्पा, सत्तरी आली. लोक या वयात जपमाळ आणतात." तुम्ही म्हणालात, "जपमाळेला कार्बुरेटर नसतो." आधीच्या मालकानं पेट्रोल आतच ठेवून दिलेलं, त्यामुळे कार्बुरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आठ दिवस तुमचा संसार मांडलेला. मी बँकेतून येते, तर माझ्या दुधाच्या पातेल्यात चेन रॉकेलमध्ये भिजत पडलेली. मी आरडाओरडा केला. आई असती तर पातेलं तुमच्यासकट बाहेर टाकलं असतं, असंही म्हणाले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिनं आधी चेन स्वच्छ झाली का ते बघितलं असतं." दुसऱ्या दिवशी बाजारातून नवं पातेलं आणलंत, आधीच्यापेक्षा मोठं. दोन माणसांच्या घरात त्यात काय तापवायचं हा प्रश्न तुम्हाला पडला नाही.

चेनला धार लावायला मला शिकवलंत ते रविवारी दुपारी. गोल कानस, आतून बाहेर, प्रत्येक दाताला तीनच घास. मी कानस पुढे-मागे चालवली तर हातावर चापट बसली. एवढ्या मोठ्या बाईच्या हातावर! "मागे येताना उचल. कानस एकाच दिशेनं कापते. परत घासलीस तर तिचीच धार मारशील." सरकारी कारखान्यात तुम्ही तीस वर्षं फिटर होतात, तिथल्या शिकाऊ मुलांना किती चापट्या बसल्या असतील ते त्या दिवशी कळलं. या गल्लीत मात्र तोवर आपण नुसते 'हिंदीकारर' होतो. मराठी म्हणजे हिंदी नव्हे हे सांगून सांगून आई थकली होती. करवत आली आणि तुम्ही 'मरम सार' झालात, झाडवाले सार. वारा सुटला की लोक आपली बेल दाबायचे. शेवटच्या घरातली बाई, सगळ्या गल्लीची मामी, तर फांदी कापून दिल्याबद्दल महिनाभर फिल्टर कॉफी पाठवत होती. तुम्ही ताठ चालायला लागला होतात, अप्पा. मी ते पाहिलं होतं, म्हणून तर पुढचं लिहायला जड जातं आहे.

जिन्याखाली दोन सारखे पांढरे कॅन होते. एकात साधं पेट्रोल, माझ्या स्कूटरसाठी; दुसऱ्यात तेल मिसळलेलं, करवतीसाठी, कारण तेलाशिवाय तिचं इंजिन जाम होतं. मिसळलेल्या कॅनच्या मुठीला तुम्ही लाल चिंधी बांधायचात. मोतीबिंदू वाढत होता, कॅनवरचं लिहिलेलं दिसत नव्हतं, चिंधी हाताला कळायची. आयुधपूजेच्या दिवशी मला उत्साह आला. गल्लीत सगळ्यांच्या गाड्या, इस्त्र्या, शिलाई मशिनी धुऊन गंध लावून बसल्या होत्या. आपल्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतातच. मी करवत पुसली, पाने-कानशी मांडल्या, आणि कॅन मळकट दिसतात म्हणून चिंधी सोडून दोन्ही घासून धुतले. गंध-कुंकू दोघांना लावलं. चिंधी परत बांधली ती साध्या पेट्रोलच्या कॅनला.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही मामीच्या भिंतीवर कललेली कडुलिंबाची फांदी कापायला गेलात. मुहूर्ताचं काम म्हणून बरेच लोक जमले होते. चिंधीचा कॅन उचलून टाकी भरलीत, सुरू केलीत. पाच मिनिटं छान चालली. मग आवाज बारीक झाला, एकदम किंचाळली आणि थांबली. दोरी हलेना. तिथेच कट्ट्यावर बसून तुम्ही सायलेन्सर सोडलात आणि आतल्या पिस्टनवर बोट फिरवलंत. सगळा ओरखडला होता. "तेल घातलंच नाही मी," तुम्ही म्हणालात, आधी मराठीत मला, मग तमिळमध्ये सगळ्यांना. मामीचे यजमान तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "परवायिल्ल सार, वयसाच्चुल्ल." असू द्या, वय झालं ना. प्रेमानंच म्हणाले. तुमचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडे पाहू लागले.

दोन दिवसांनी स्कूटरसाठी बिनचिंधीच्या कॅनमधून बाटलीत ओतलं तर पेट्रोल हिरवट, तेलकट. चिंधी मीच चुकीच्या कॅनला बांधली होती. मग काय केलं सांगू? चिंधी सोडली आणि योग्य कॅनला बांधून टाकली, तुमच्या हाताला काही कळू नये म्हणून. वर आले आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तुम्ही करवत गोणपाटात गुंडाळलीत. बेल वाजली की "सारला बरं नाही" असं मी सांगू लागले, आणि काही महिन्यांत बेल वाजायची थांबली. मग तुम्ही स्वतःवरच पहारा ठेवू लागलात. गॅस बंद आहे का, तीनदा. कुलूप, दोनदा. "अगं, सकाळची गोळी मी घेतली का?" तुम्ही घेतलेली असायचीत. काही विसरत नव्हता तुम्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर संन्यासी स्वतःच फास गळ्यात घालून बसला होता आणि चोर त्याला वेळेवर जेवायला वाढत होता.

या महिन्यात पुन्हा वादळ झालं आणि गेटसमोरचा गुलमोहर आडवा पडला. का कोण जाणे, मी गोणपाट सोडलं. गिंडीच्या मेकॅनिकनं पिस्टन हातात घेऊन एक नजर टाकली. "ऑइल इल्लामे ओट्टिट्टांगा, मा." तेलाशिवाय चालवली. कुणी, असं त्यानं विचारलं नाही, आणि मला मात्र ते सांगायची इतकी घाई झाली की मी म्हणून बसले, माझी चूक, माझ्या वडिलांची नाही. तो हो म्हणाला आणि कामाला लागला. त्याला काय त्याचं! अकरा वर्षांत एका माणसाला खरं सांगितलं, तेही परक्याला. आज सकाळी गुलमोहराच्या चार फांद्या कापल्या. काप जरासा उजवीकडे जातो, म्हणजे एका बाजूचे दात मी जास्त घासले आहेत. तुम्ही असता तर चापट बसली असती. येणारे-जाणारे फांदी ओलांडून गेले. गल्लीत आता सगळे नवे भाडेकरू आहेत, 'मरम सार' कुणाला ठाऊक नाही. मामी मुलाकडे कोइंबतूरला गेली. सांगायचं ठरवलं तरी सांगायला कुणी उरलेलं नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुमचा आणि माझा पत्ता एकच. ते या वहीतच राहील. पण वही मिटण्याआधी उरलेलंही लिहिते. पहिले काही दिवस मी भीतीनं गप्प होते, ते खरं. पुढची दोन वर्षं नाही. आई गेल्यापासून मी बँकेतून यायची तेव्हा घर बंद असायचं, तुम्ही कुणाच्या तरी अंगणात झाडापाशी. करवत बंद पडल्यावर तुम्ही घरी राहू लागलात. मी जिना चढतानाच पावलं ओळखून दार उघडायचात. खचला होतात, दिसत होतं मला. एका वाक्यानं तुम्हाला परत उभं करता आलं असतं, आणि मग तुम्ही बाहेर गेला असतात. दार उघडलं जायचं, अप्पा, आणि मला बरं वाटायचं.