तिसरं पिल्लू

१२ ऑगस्ट, न्यूनेन, नेदरलँड्स
परत आलो. बॅगांमधून अजून लाल धूळ निघतेय. मीनलने वॉशिंग मशीन तीनदा लावलं. स्वानंदी विमानात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अकरा वर्षांची पोर, पण अबोला धरावा तो तिनेच — आईवर गेलीय!

१३ ऑगस्ट
लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
मसाई मारातला चौथा दिवस. चित्त्याची मादी, गवतात लपवलेली तीन पिल्लं. एका हरणावर डोळा ठेवून ती पोट घासत पुढे सरकत होती. आमची गाडी लांब, रस्त्यावर. माझा कॅमेरा नवाकोरा. किप्रोनो, आमचा गाइड, तोच गाडी चालवायचा, म्हणाला, "रस्ता सोडायला बंदी आहे, सर." मी म्हटलं, पाचच मिनिटं रे, कोण बघतंय! तो परत नाही म्हणाला. मीही परत म्हटलं — इतक्या लांबून आलोय, वगैरे. समोरचा दोनदा नाही म्हणाला की तिसऱ्यांदा हो म्हणणारच, ही आपल्या लोकांची खात्री! तिसऱ्यांदा त्याने स्टिअरिंग वळवलं.
गाडी गवतात शिरली. हरीण उधळलं. मादी एकीकडे, पिल्लं तीन दिशांना.
दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दिसली. मागे दोनच पिल्लं. चित्ता डरकाळी फोडत नाही, पाखरासारखा चिवचिवतो — मला माहीतच नव्हतं. उंचवट्यावर चढायची, चिवचिवायची, कान टवकारून थांबायची. मग पुढचा उंचवटा. दीड तास हेच. स्वानंदीने दुर्बीण खाली ठेवली नाही. "शी इज कॉलिंग द थर्ड वन, बाबा." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.
फोटो मात्र एकही धड आला नाही.

१५ ऑगस्ट
सफारी कंपनीची मेल. जेवताना मीनलला वाचून दाखवली, स्वानंदी समोरच बसली होती. रेंजरांनी आमची गाडी पाहिली होती. किप्रोनोला कामावरून थांबवलंय, चौकशी चालू आहे. प्रश्न एकच — गाइडने स्वतःहून रस्ता सोडला, की पाहुण्यांच्या सांगण्यावरून? महिनाअखेरपर्यंत कळवा.
उत्तर दोन ओळींचं. उद्या लिहितो, म्हटलं.

१८ ऑगस्ट
लिहिलं नाही. मीनल म्हणाली, "हरीश, नगरपालिकेत नागरिकत्वाचा अर्ज पडलाय आपला. लेखी कबुली कशाला? त्यांचं ते बघून घेतील." ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं याचीच लाज वाटली.

२२ ऑगस्ट
शाळा सुरू झाली. स्वानंदीला वर्गासमोर बोलायचंय, विषय चित्ता. धीर करून विचारलं, तिसऱ्या पिल्लाचं काय सांगणार? "नॉख नीट आफ." अजून पूर्ण झालं नाही म्हणे. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. पण उत्तर दिलं!

२७ ऑगस्ट
फॅक्टरीतलं मशीन बंद पडलं की कुणी काय केलं याचा अहवाल लिहिणं, हे माझं काम. आज टीममधल्या रुचिरला झापलं — "चूक झाली ते चालेल, दोन दिवस गप्प बसलास ते चालणार नाही!" बिचारा मान खाली घालून ऐकत होता.
घरी येऊन ती मेल उघडली. बंद केली. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही.

३० ऑगस्ट
नाही.

१ सप्टेंबर
दुपारी पाठवली! "रस्ता सोडायला मी सांगितलं. तो दोनदा नाही म्हणाला होता." मुदत काल संपली, पण एका दिवसाने काय बिघडतंय? मीनलला बोललो नाही. फार हलकं वाटतंय. रात्री भातही पुन्हा घेतला.

३ सप्टेंबर
कंपनीचं उत्तर आलं. तुमच्या मुलीची मेल आम्हाला सोळा ऑगस्टलाच मिळाली. सगळं खरं खरं लिहिलं होतं. पण ती लहान, साक्ष मोठ्या माणसाची लागते. आणि शेवटी तिनेच लिहिलं होतं — 'माझे बाबा स्वतः लिहिणार आहेत. प्लीज त्यांच्यासाठी थांबा.' ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. एक तारखेला सकाळी किप्रोनोचा परवाना रद्द झाला.
आज बुधवार, शाळा अर्धी. स्वानंदी साडेबाराला घरी येईल.