मिशीवाल्यांची चौकशी

कोल्हापूर,
१७ मार्च २००४

प्रिय दीक्षा,

जय भीम. आधी चौकशी, बाकीचं मागाहून. एकाच गावात राहून बाप लेकीला पोस्टानं पत्र पाठवतो म्हटल्यावर पोस्टमनसुद्धा हसेल. पण फोन केला तर तुझी आई दाराआड उभी राहून ऐकते, आणि हे पत्र तिच्या विरोधातच आहे. तुझ्याही विरोधात आहे. माझी उभी नोकरी एसटीच्या तपासणी पथकात गेली. गाडीत पाय ठेवला की तोंडावरून बिनतिकिटी माणूस ओळखायचो. एक झोपेचं सोंग घेणारा असतो, एक खिडकीबाहेर फारच निरखून बघणारा, आणि एक कुणी विचारायच्या आतच "पास हाय साहेब" म्हणणारा. अशा माणसाच्या घरात तुम्ही मायलेकींनी जे चालवलंय ते त्याला कळणार नाही असं तुम्ही धरून चाललात, याचाच मला जास्त राग आहे.

मुद्द्यावर येतो. तू सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन आमच्या डेपोतल्या इलाही फिटरच्या पोरीबरोबर, शिफाबरोबर, शोभेच्या माशांचं दुकान काढलंस, त्या दिवशी आपलं काय बोलणं झालं ते तुला पाठ असेल. आपल्या घरात पहिला मॅट्रिक मी, पहिली पदवीधर तू, खुर्ची-टेबलाशी बसून पगार घेणारी पहिली तूच. ती खुर्ची सोडून तू पाण्यात हात घालायला निघालीस तेव्हा माझं डोकं फिरलं. "मग माझ्या दारात येऊ नको," म्हणालो. तू आली नाहीस. हट्टाला तू माझ्यावरच गेलीस. इलाहीनं पोरीला घराची पुढची खोली दुकानाला दिली आणि वरची तुला राहायला दिली, आणि मी सख्ख्या लेकीला घराबाहेर काढलं, हे सगळ्या डेपोला माहीत आहे. तू कपडे नेलेस, पुस्तकं नेलीस. बाहेरच्या खोलीतली टाकी तेवढी राहिली. त्यात वरच्या पाण्यात फिरणाऱ्या मॉली आणि तळाला ते तुझे मांजरमासे, अंगठ्याएवढे, दिवसभर मिशांनी तळ चाचपत फिरणारे. तू त्यांना कोरी म्हणायचीस, मी मिशीवाले म्हणतो.

टाकी कुणाला तरी देऊन टाकतो म्हणालो, तर तुझी आई म्हणाली, "द्या की. मग मीबी जाते तिच्यामागं." म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच आठवड्यात एक मिशीवाला तळातून सुसाट वर आला, तोंड पाण्याबाहेर काढलं आणि तसाच खाली गेला. मग दुसरा. मला वाटलं गुदमरतायत, म्हणून बादल्याच्या बादल्या पाणी बदललं. ती त्यांची सवयच असते हे मला मागाहून कळलं. खाण्याचंही तेच. तळाचे मासे वरच्यांचं उरलंसुरलं खाऊन जगतात, त्यांना वेगळं काही लागत नाही असंच मी समजून होतो. चिमूटभर चुरा टाकायचो, तो मॉली वरच्या वर फस्त करायच्या. त्यात कागलचा तुझा मामा येणार म्हणून जयसिंगपूरच्या बाजारातून रंगीत काचखडी आणून तळाला पसरली. टाकी बांगड्यांच्या दुकानासारखी दिसायला लागली, मामानं वाहवा केली. महिना-दोन महिन्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं तर त्या खडीवर घासून घासून मिशा झिजल्या होत्या, नुसते खुंट उरले होते. ज्यानं मिशीनं अन्न शोधायचं त्याची मिशीच मी घालवली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. विचारण्यासारखी एकच होती, आणि तिच्याशी मी बोलत नव्हतो.

आता संशयाला सुरुवात कुठं झाली ते सांगतो. कुरुंदवाडला आपल्या विहाराचं बांधकाम चालू होतं, दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी जायचो, दिवे लागायच्या वेळेला परत यायचो. एका रविवारी येऊन बघतो तर काचखडी गायब आणि टाकीत मऊ बारीक नदीची वाळू. तुझी आई म्हणाली, "मी बदलली की. का, मला हात न्हाईत?" आता तुझी आई सुका बोंबीलसुद्धा चिमट्यात धरून भाजते, ती जिवंत माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालेल होय? आणि वाळू अशी धुतलेली की ढवळली तरी पाणी गढूळ होत नव्हतं. ही तांदूळ एका पाण्यात धुणारी बाई. त्याच रात्री जेवताना स्वयंपाकघरात उडदाच्या घुट्याचा वास आला. मला वात होतो म्हणून आपल्या घरात घुटं कित्येक वर्षांत शिजलेलं नाही, आणि ते आवडीनं कोण खातं ते मला माहीत आहे. शेजारच्या पिराजीला सहज हाक मारली, तर मी विचारायच्या आधीच म्हणतो, "मी काय बघितलं न्हाय, साहेब." लगेच ओळखलं, हाही तुमच्यातलाच.

पुढं गोळ्यांचं प्रकरण झालं. पिठाच्या डब्यामागं एक डबी सापडली, आत चपट्या तपकिरी गोळ्या. हे काय म्हणून विचारलं तर तुझ्या आईचा चेहरा पडला. "माझ्या पित्ताच्या हायत," म्हणाली आणि डबी पदराखाली घेतली. दीक्षा, त्या वेळी मात्र मी घाबरलो. बाईमाणूस दुखणं लपवतं ते मोठंच असतं. माझ्या आईनं असंच लपवलं होतं. दोन दिवस तिच्याकडं बघवत नव्हतं. शेवटी एक गोळी हळूच काढून राजारामपुरीतल्या औषधाच्या दुकानात नेली. दुकानदारानं नाकाला लावली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "साहेब, हे माशाचं खाणं हाय. तळाला बसणाऱ्या माशांसाठी असतंय, बुडतंय." लोक हसले. मी पण हसलो, आणि बाहेर येऊन फुटपाथवर बसलो. तुझी आई बरी आहे म्हणून बरं वाटत होतं आणि मला फसवलं म्हणून चीडही येत होती, दोन्ही एकदमच.

मग मात्र रीतसर सापळा लावला. दसऱ्याच्या सुमाराला रविवारी नेहमीसारखा डबा घेऊन निघालो, पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि मागं येऊन समोरच्या केरबाच्या सायकल दुकानात पेपर तोंडासमोर धरून बसलो. तुझी आई दारात आली, दोन्ही बाजूंना बघितलं, तू कोपऱ्यावरून आलीस. वाळली होतीस. खिडकीतून सगळं दिसत होतं. बाही वर सारून तू टाकीत हात घातलेला, आई टॉवेल घेऊन शेजारी उभी, तिची टकळी चालू होती. तू काहीतरी बोललीस आणि ती हसली. तू गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. मी रस्ता ओलांडणार होतो, खरंच सांगतो. पण एवढ्या माणसांना भर गाडीत पकडून खाली उतरवलं, मला तुम्हा दोघींना पकडावंसं वाटलं नाही. आणि मी आत पाय टाकला असता तर तू पिशवी उचलून निघून गेली असतीस, ते मला पक्कं माहीत होतं. मी उठून एसटी स्टँडवर गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो.

विहाराचं काम थंडीतच पुरं झालं. ते मी घरात सांगितलेलं नाही. अजून दर रविवारी तुझी आई मला भाकरी बांधून देते, लवकर जावा म्हणून घाई करते, आणि मी जातो. स्टँडवर जुने कंडक्टर विचारतात, साहेब कुठं निघाला? पावणं येणार हायत म्हणतो. गेल्या महिन्यात शिफानं गाठलं. ती जयसिंगपूरच्या गाडीला निघालेली. "चाचा, कुठं?" म्हणाली. कुरुंदवाड, म्हणालो. दुपार कलल्यावर ती परत आली, हातात फुगवलेल्या पिशव्यांत मासे, आणि मी त्याच बाकावर. मधल्या वेळात कुरुंदवाडच्या कितीतरी गाड्या गेल्या होत्या. ती बघत राहिली, मी पेपरात तोंड घातलं. बिनतिकिटी सापडलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या रविवारपासून तू आलेली नाहीस. टाकीची काच हिरवी झाली आहे. तुझी आई घुटं शिजवते आणि सोमवारी पिराजीच्या पोरांना वाटते. विचारलं तर अंगावर येते. तू आजारी आहेस का, दुकान बसलं का, शिफाशी बिनसलं का, सगळे संशय घेऊन झाले. शेवटी परवा मी तुझ्या गल्लीत आलो, पहिल्यांदाच. रस्त्याच्या पलीकडून बघितलं. तू एका बाईला मासे दाखवत होतीस, हात हलवून समजावत होतीस. तब्येत चांगली दिसली. दुकानात गर्दी होती. मग उरला एकच संशय, आणि त्यावर मी दोन रात्री विचार केला.

शिफानं तुला सांगितलं असणार. आणि तू असा अर्थ लावला असशील की आण्णाला सगळं कळलंय, तरी लेकीचं तोंड बघायला नको म्हणून म्हातारा घर सोडून उन्हात बाकावर जाऊन बसतोय. मग कशाला जायचं त्याच्या घरी. माझ्यासारखं डोकं असलेल्या पोरीनं हाच अर्थ लावला असणार. तो चूक आहे, दीक्षा. मी घरात असलो तर तू येणार नाहीस, म्हणून मी तिथं बसत होतो. तू यावंस म्हणून. हे तुझ्या आईलाही माहीत नाही, आणि तोंडानं सांगायला मला जमलं नसतं, म्हणून लिहिलं. मिशीवाल्यांना मिशा परत फुटल्या आहेत, पण ते सांगायला पत्र लिहिलेलं नाही. या रविवारी मी कुठंही जाणार नाही. तू ये. दुकानाबद्दल वाद घाल, मला काय बोलायचं ते बोल, मी काही वेडंवाकडं बोललो तर उलटून बोल. पण मी घरात असताना ये.

तुझाच,
आण्णा