कालव्यापलीकडची कोरी जागा

प्रिय भिंगरी,

गेल्या दोन महिन्यांत तू मला चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी तो वाजू दिला. एकदा तर फोन हातातच होता. तुझं नाव दिसत होतं, आणि मी तो उशीखाली सरकवून भाजी चिरायला बसले. तुला वाटलं असेल, बाईला कामं फार. कामं काही नव्हती. तुझा आवाज ऐकायची छाती होत नव्हती, एवढंच. म्हणून लिहितेय. समोरासमोर असते तर दोन वाक्यांत विषय बदलला असता. ती कला मला चांगलीच अवगत आहे हे आता तुला कळेलच.

आधी घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. सासूबाईंची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली हे तुला ठाऊक आहे. पण त्यांना घरात वावरताना बघितलंस तर तुला खरं वाटणार नाही. भिंतीवर हात ठेवून सगळं घर फिरतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चौदा पावलं, मग उंबरा, डाव्या हाताला खुंटी. स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि साखरेचा डबा मी जागेवर ठेवला नाही तर मला फैलावर घेतात. मध्ये आठ दिवस नणंदेकडे नेलं होतं. तिथं त्या खाटेवरून उठल्याच नाहीत. परत आलो तेव्हा दाराच्या चौकटीवर हात फिरवून म्हणाल्या, "हां, आता दिसायला लागलं."

त्याच घरावरून रस्ता जाणार असं मागच्या वर्षी कळलं. नगरपालिकेच्या फळ्यावर नकाशा लावला होता. चढावरची आमची गल्ली, बावीस घरं, कोपऱ्यावरचं वाचनालय, त्यामागचं मैदान, आणि या सगळ्यावरून एक जाड लाल रेघ. अशा रेघा मी मोजणीच्या ऑफिसात तीस वर्षं ओढल्या गं. रेघ सरळ आली की मान वाकडी करून तिच्याकडे कौतुकानं बघायचे. ती कुणाच्या न्हाणीघरावरून गेली हे बघायचं काम दुसऱ्या टेबलावरचं होतं. या वेळी न्हाणीघर माझं होतं.

मग समिती झाली. निवृत्त पोस्टमास्तरांच्या पुढच्या खोलीत आम्ही जमायला लागलो. दातांचे डॉक्टर अध्यक्ष झाले. ते बोलायला लागले की समोरच्याला तोंड उघडू देत नाहीत, म्हणजे धंद्याच्या अगदी उलट. गटाराच्या पाण्यावरून नऊ वर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन शेजारणी एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून सह्यांचे कागद लावत बसायच्या. माझं अक्षर सरळ, म्हणून फलक मी रंगवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस फार आवडले. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझी वाट बघत थांबायचे.

पहिल्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथून नको हे कळलं. मग कुठून हवा ते सांगा." बाहेर आलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. पोस्टमास्तर म्हणाले, "ताई, आता तुमच्याच हातात आहे बघा."

शाळेत तू मला पट्टी म्हणायला लागलीस ते आठवतं? दप्तरात जेवणाचा डबा नसला तरी चालेल पण फूटपट्टी हवी, म्हणून. बाबा गेल्यावर वह्यांची पंचाईत झाली, तेव्हा तुझे वडील बाइंडिंगच्या कारखान्यात कापून उरलेले कागद जमवून, दोऱ्यानं शिवून त्यांची जुजबंदी करून, वर निळा पुठ्ठा चढवून मला वह्या द्यायचे. कुठलं पान पिवळट, कुठलं पांढरं. "रेघा मारायच्या तर रंग कशाला बघतेस," म्हणायचे. मी पहिला नकाशा त्यातल्याच एका पानावर काढला. तुमच्या कारखान्याचा. तुझ्या वडिलांनी तो खळीनं दाब-यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवला होता.

तोच कारखाना, कालव्यापलीकडे. मला तो माहीत नव्हता असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

सरकारी नकाशा पस्तीस वर्षांपूर्वीचा. त्यात कालव्याच्या पलीकडे एक लांब पट्टा कोरा आहे आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, पडीक. तुझा कारखाना तेव्हाही होता, पण पत्र्याच्या शेडची नोंद करायला कोण जातंय! मी तो कागद टेबलावर पसरला आणि मला लगेच दिसलं, रस्ता इथून अगदी छान बसतो. वळण सौम्य, पूल एकच. ते दिसलं त्या क्षणीच तूही दिसलीस. तरी मी पेन्सिल खाली ठेवली नाही.

मोजायला आले तो दिवस तुझ्या लक्षात असेल. मी एकटीच, खांद्याला पिशवी, हातात टेप. तू कारखान्याच्या दारातून ओरडलीस, "अगं पट्टे, रिटायर झालीस ना? इथं काय मोजतेस?" मी म्हणाले, "कालव्याचं काहीतरी काम आहे, जुन्या साहेबांनी सांगितलंय." तोंडातून इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. तू हाताची खळ पुसत आलीस आणि म्हणालीस, "एकटीनं कसं धरणार? आण इकडं." आणि टेपचं दुसरं टोक तू धरलंस. पाऊण तास धरलंस. तुझ्या कारखान्याच्या भिंतीपासून तुमच्या शेजारच्या शिंपिणीच्या ओट्यापर्यंत, तिथून हातपंपापर्यंत. मध्येच कुणाला तरी हाक मारून म्हणालीस, "बघ, आमच्या मैत्रिणीचं काम कसं चोख असतं." मग मला आत नेऊन चहा दिलास. कामाला असलेल्या तिघी जणी सरकून बसल्या, मला स्टूल दिलं. मी तो चहा प्यायले. तुला सांगते भिंगरी, त्या दिवसातलं सगळं मला कधीतरी विसरता येईल, पण चहा चांगला झाला होता आणि मी आणखी अर्धा कप मागितला होता, हे नाही विसरता येत.

मोजणीच्या वहीत मी सगळं लिहिलं. हात तसाच वळलाय. डोळ्यांना दिसलं ते वहीत उतरतं. एकतीस घरं, सहा दुकानं, तुझा कारखाना, हातपंप, सगळं मापासकट, वर तारीख. पण घरी येऊन स्वच्छ कागदावर नकाशा काढायला घेतला तेव्हा तो पट्टा मी कोरा ठेवला आणि जुन्या नकाशातला शब्द जसाच्या तसा उतरवला. समितीत तो कागद फिरला तेव्हा पोस्टमास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, तिथं कुणी राहत नाही ना?" मी म्हणाले, "सरकारी नकाशात तरी कुणी नाही." यात खोटं काहीच नाही, बघ. त्यांनीही पुढे विचारलं नाही. कालवा आमच्या गच्चीवरून दिसतो गं. पलीकडचे दिवेही दिसतात. कुणाला माहीत नव्हतं असं नाही. कुणालाच विचारायचं नव्हतं. पण त्यांनी न विचारणं आणि मी न सांगणं यांचं वजन सारखं नाही, एवढं मला कळतं.

आम्ही जिंकलो. "प्रत्यक्ष मोजणी करून अनुभवी व्यक्तीनं केलेला पर्याय" असं अधिकाऱ्यांनी माझं कौतुक केलं. गल्लीत टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी माझी दाढ फुकट भरून दिली. सासूबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या रात्री मला झोप छान लागली, हेही सांगून टाकते.

नंतर तू आलीस. चढ चढून, धापा टाकत, हातात विजेच्या खांबावरून काढून आणलेली नोटीस. आणि माझ्यावर संशय घ्यायचं सोडून तू म्हणालीस, "तुम्ही लोकांनी रस्ता वळवलात म्हणे. आता आम्हालाही शिकव बाई, कसा वळवायचा ते." हरकत घ्यायला तेवीस दिवस होते. मी म्हणाले, "ठेव माझ्याकडे, मी लिहून देते." खरंच लिहायला बसले होते. पण पहिल्याच ओळीत लिहावं लागलं असतं की नकाशा चुकीचा आहे, आणि दुसऱ्या ओळीत लोकांनी विचारलं असतं की तो काढला कुणी. मी कागद घडी करून कपाटात ठेवला. तू विचारलंस की "बघतेय गं" म्हणायचे. तेवीस दिवस बघत राहिले. मुदत गेल्यावर तू फोनवर मला म्हणालीस, "जाऊ दे, तू प्रयत्न केलास ना." त्यानंतर मी तुझा फोन उचललेला नाही.

परवा पोस्टमास्तर पेपर घेऊन आले. तुम्ही अपील केलंय हे त्यात होतं, आणि नगरपालिकेचं उत्तरही होतं. प्रस्ताव जाहीर झाल्यावर भरपाईसाठी घाईघाईनं उभी केलेली बांधकामं, असं. मोजणीच्या वेळी जागा मोकळी होती, तसा नकाशा सादर झालेला आहे. मी ते दोनदा वाचलं. आतापर्यंत मी स्वतःला समजावत होते की मी फक्त गप्प बसले. पण माझ्या कागदानं तुला लबाड ठरवलं. तुझ्या वडिलांची पन्नास वर्षांची भिंत, आणि ती म्हणे काल-परवा उभारली.

मी घरात सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, उठले, चपला घातल्या, आणि बाहेर निघून गेले. तासाभरानं परत आले आणि एवढंच म्हणाले, "आईचं काय करायचं ते तूच तिला सांग." मी सांगितलं. सासूबाईंनी पलंगाच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "खाली किती घरं आहेत?" मी म्हणाले, एकतीस. "त्यात माझ्यासारखी म्हातारी किती?" ते मी वहीत लिहिलंच नव्हतं. मी भिंती मोजल्या होत्या, आतली माणसं नाही. त्या म्हणाल्या, "मग मोजलंस काय?" त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत, पण आज सकाळी माझ्याही वाटणीचा चहा करून ठेवला होता.

काल समितीपुढे उभी राहिले. डॉक्टरांनी मला घरभेदी म्हटलं. गटारावरून भांडणाऱ्या त्या दोघी पुन्हा एक झाल्या, माझ्या विरुद्ध. पोस्टमास्तर तेवढे म्हणाले, "तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतंत तर," आणि थांबले. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांनाही ठाऊक नसावं. निघताना कुणी मला दारापर्यंत सोडायला आलं नाही.

हे सगळं मन हलकं करायला लिहिलंय असं समजू नकोस. हलकं झालेलं नाही. या पत्राबरोबरच्या पाकिटात माझी मोजणीची वही आहे. सोमवारी अकरा वाजता तुमची सुनावणी आहे. वही त्याआधी तुमच्या वकिलाच्या हातात पडली पाहिजे, तारखेचं पान मी खूण करून ठेवलंय. मी स्वतः येऊन सांगणार आहे की ही वही माझी, अक्षर माझं, आणि नकाशावरची कोरी जागा मी मुद्दाम कोरी ठेवली. पुढे रस्ता पुन्हा आमच्या गल्लीत येईल, की तिसरीकडे जाईल, की होणारच नाही, मला माहीत नाही. त्याचं उत्तर माझ्याजवळ असतं तर मी मागच्या वेळी एवढी घाई केली नसती. ओळखीच्या एका वकिलांना मी विचारलं, ते म्हणाले, आपली दोघींची मैत्री आहे का हे समोरची बाजू तुलाही विचारेल, साक्ष कच्ची पाडायला. मी खरं तेच सांगणार आहे. तुझं उत्तर तू ठरव. तू सगळ्यांसमोर "मैत्री होती" म्हणालीस, त्यातल्या "होती"वर जोर दिलास, किंवा "मी हिला ओळखत नाही" म्हणालीस, तरी मी मान वर करून ते ऐकेन आणि त्यात एक अक्षरही दुरुस्त करणार नाही.

अजून तसं म्हणायची मुभा असेल तर, तुझीच
पट्टी