एका नंबरावरच्या दोघी

८ डिसेंबर, सोमवार
जळगावच्या मीटिंगमध्ये आमच्या तालुका आरोग्य साहेबांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. चोपडा तालुक्यात गरोदर बाया एवढ्या कशा वाढल्या? वाढल्या नाहीत हो, दोनदा मोजल्या. सासरी नाव नोंदतात, सातव्यात पोरगी माहेरी आली की तिथली आशाताई परत नोंदते. एक बाई, दोन ओळी. जोखमीच्या यादीतही तेच. साहेब म्हणाले, "मॅडम, उद्यापर्यंत डबल नोंदी उडवा." वरचा राग खाली. मी कंत्राटी डेटा ऑपरेटर, माझ्याखाली फक्त खुर्ची.

९ डिसें.
नावावर फिल्टर चालेना. लग्नात नाव बदललेलं, माहेरी एक, सासरी दुसरंच. फोन नंबर मात्र दोन्हीकडे एकच देतात. तोच धरला. पहिली ओळ राहिली, बाकीच्या लपल्या. यादी छान आटली. साहेबांनी स्वतःहून चहा मागवला! जोखमीच्या बायांना तपासणीला नेणारी गाडी परवा याच यादीवर जाणार.

११ डिसें.
तपासणी झाली. रिपोर्टही वर गेला. पिंप्राळ्याला घरी उजेडात पोचले, किती दिवसांनी.

१२ डिसें., शुक्र.
सकाळीच सातपुड्याकडच्या गावातून आशाताई लताबाईंचा फोन.
"ताई, गाडी एकल्या ज्योतीले लई गई. रेखानं काय? तिनं बीपी तं ज्योतीपेक्षा जास्त शे. यादीमा नाव नही म्हनीसन ड्रायव्हरनी बसू दिधं नही."
म्हणजे रेखाला गाडीत घेतलंच नाही. फिल्टर काढला. ज्योतीच्या खालीच रेखा. सख्ख्या बहिणी, एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. दोघी पहिल्या बाळंतपणाला माहेरी. नंबर दोघींचा एकच, बापाचा, नानांचा. आपल्याकडे घराघरात हेच, मला का सुचू नये?
साहेब म्हणाले, "सोमवारी दुरुस्ती टाकू."
"साहेब, तोवर तिला झटके आले तर?"
आवाज चढलाच माझा. पण त्यांनी लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला, हेही लिहून ठेवते. दुपारी रेखाला जळगावला हलवलं. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी म्हणे.

१३ डिसें.
ऑफिसची भरीत पार्टी ठरलेली. कळण्याची भाकरी, ठेचा, सगळं होतं. मी ताट ठेवून उठले. रेखा एक सापडली. अजून किती जणी लपवल्या मी?
लपलेल्या ओळींचे नंबर घेऊन फोन लावत बसले. "तुमच्या घरी गरोदर एक की दोघी?" एक आबा हसायलाच लागले, "आमनाकडे तीन शेतस, तुले कोनती पाहिजे?"
मला हसू आलं नाही. तिघींतली एक जोखमीची. तिची ओळ परत आणली. आबांना म्हटलं, उद्याच तिला दवाखान्यात न्या.

१५ डिसें., सोम.
आकडा फुगला म्हणून जळगावहून फोन. साहेब : "मॅडम, नंबरवर फिल्टर लावून टाका परत. बाकी मी बघतो."
नाही म्हटलं. घराघरात बोलून खात्री झाली तरच ओळ काढीन. ते नुसतं म्हणाले, "मार्चमध्ये तुमच्या कंत्राटाचं नूतनीकरण आहे ना?" आहे. भीती वाटली. तरी नाहीच लावला.
चारला लताबाईंचा फोन. ज्योतीला मुलगी झाली, दोघी ठीक. रेखाचं? "काही समजत नही, ताई. बाप तिनाजोडे जळगावले शे, फोन बंद येस."
ज्योतीच्या ओळीत 'प्रसूती, माता व बाळ सुखरूप' भरलं. रेखाचा रकाना तसाच. सेव्ह करताना सॉफ्टवेअर विचारतंय, एकाच नंबरच्या दोन ओळी आहेत, एक काढायची का?
'नाही' दाबलं.
मग नानांचा तोच नंबर लावला. या वेळी रिंग जातेय. उचला ना, नाना.