बांधावरची घोरपड, काचेतला सॅलमँडर

२६ मे २०१९, रविवार
दुपारी पुंडलिकनगरला, मेहुण्याकडं. दिलीपनं काचेच्या टाकीत सॅलमँडर पाळलाय, मेक्सिकोकडचा. सगळ्यांना "पाण्यातली पाल" म्हणून दाखवतो. पाल नाय, बेडकाच्या गोतातला. कातडी सुकली की संपला. त्याच्यासाठी एसी, वर बर्फाच्या बाटल्या. पडेगावात आमच्याकडं टँकर आठवड्यानं. बांधावरची घोरपड त्याच उन्हात, तापल्या दगडावर. दोन्ही जाती संपत आलेल्या.

२ जून, रविवार
दिलीपच्या देव्हाऱ्यात चांदीची डबी. आत शेंदूर फासलेली हत्थाजोडी. म्हणे जंगलातली मुळी, ठेवल्यापासून प्लॉट खपतात. भिंगातून पाहिली. कसली मुळी! नर घोरपडीचं लिंग, वाळवलेलं. रोज उदबत्ती ओवाळतो. वाटलं, ऐकून फेकेल.
हसला. "म्हंजे ओरिजनल हाय की, दाजी!" मग हळूच, "तुमच्या बांधावरची नर का मादी?"
डोकं रुंद, मान जाड. नर, म्हटलं. इतकी वर्षं बघतोय. वर बजावलं, हात लावलास तर जेल.
"आईची शप्पथ, नाय लावत."

८ जून, शनिवार
घोरपड बिळापुढं पडलेली. पाय पाठीवर सुतळीनं आवळलेले, शेपटीच्या बुडाशी चिरलेली. जिवंत. सुतळी सोडली. नऊला जीव गेला. लांबी साडेतीन फूट.
पोटात अंडी.
दिलीपचाच फोन आला, चिडलेला. "नर म्हणला होता ना तुमी? गडी फुकट राबला!"

९ जून
वनखात्याला तक्रार लिहायला बसलो. सुमन म्हणाली, "लिहा माझ्या भावाचं नाव. नर हाय हे त्याला कुणी सांगितलं, तेबी लिहा." कागद तसाच.
अंडी माठात, ओल्या वाळूत. पिण्याचं पाणी वापरलं म्हणून पुन्हा भांडण. कवच मऊ आहे अजून. फुटायला सहा-सात महिने लागतील, जगली तर.

११ जून
दिलीपचा फोन. सॅलमँडरचा पाय टाकीतल्या माशानं तोडला, रडकुंडीला आलेला. सांगितलं, उगवतो परत, महिना-दोन महिन्यांत. घोरपडीचं तुटलेलं उगवत नाही, हेही सांगितलं. ते त्यानं ऐकलं नाही.
"दाजी, अंडी ठेवलीत म्हणं? ताई म्हणत होती. त्यात नर किती निघतील?"
मी माठावर ओलं फडकं टाकलं.
"घाई नाय," म्हणाला. "मोठे होऊ द्या."