तांबड्या पिल्लांची मरळ

रविवार, ७ सप्टेंबर

आज गावच्या बोडीवर, त्या लहानशा तलावावर, फ्लाय रॉडला डाडक लागला, रोहू लागला, तळचा शिंगूरसुद्धा. पिसांच्या खोट्या माशीला सगळे मासे भुकेपोटी भुलले. पण मरळ?

काठाजवळ तिच्या तांबड्या पिल्लांचा पुंजका वर आला होता. मरळ पिल्लांखालीच राखण करते, हे ठाऊक असूनही माशी नेमकी त्यांच्यावर टाकली. ती उसळून आली. भूक नव्हेच ती, राग.

सोबतचा मेहुणा खूश. "भाऊजी, आज रस्सा पक्का!"

ती माझ्या हातात असतानाच इतर मासे त्या तांबड्या पुंजक्यावर तुटून पडले. मी घाईने गळ काढला. तिचा ओठ फाटला.

"सोडून कायले राहिले?"

"पिल्लं आहेत तिची."

"मंग? शाळेत पोचवून देते का त्यायले?"

सोडली. मला वाटलं, खोल पाण्यात पळेल. ती सरळ पिल्लांखाली गेली. पाणी एकदा जोरात ढवळलं आणि बाकीचे मासे पांगले.

तिथे मी पुन्हा माशी टाकली असती, तर त्या फाटक्या ओठाने ती पुन्हा आली असती. याबद्दल मला शंका नाही.