फोडणीबंदी

१२ एप्रिल, रविवार
घर विकण्याचा ठराव सौ.च्या अध्यक्षतेखाली एकमताने संमत. (मत एकच पडले.) कन्या मॉरिसव्हिलला, तिथे महाराष्ट्र मंडळ, नाटके, हाकेच्या अंतरावर कढीपत्ता. इथे आयोवात गावातले शेवटचे मराठी कुटुंबही दिवाळीनंतर टेक्सासला प्रयाण करते झाले. "अहो, मला मराठीत भांडायला बायका हव्यात. तुमच्याशी किती भांडू?" युक्तिवाद अकाट्य. एकोणीस वर्षे इथे काढली. माझे मत कुणी विचारले नाही. विचारले असते तर... असो.

१४ एप्रिल, मंगळवार
घरविक्रीची एजंट डेबी येऊन गेली. सौजन्यमूर्ती. "किती छान वास! फक्त घर बघायला येणाऱ्यांना जरा... निराळा वाटेल." भावार्थ: हिंग, फोडणी, तळण अद्यप्रभृति निषिद्ध. विक्रीची पाटी २४ ला. तोवर वाच्यता नको, हा सौ.चा वटहुकूम. "शेजारच्या कॅरलला मी सांगेन. माझ्या पद्धतीनं."

१७ एप्रिल, शुक्रवार
सँडविच. काल सँडविच. जठराग्नी निवृत्तीच्या विचारात. बाहेर पुन्हा बर्फ, एप्रिलात! फावडे उचलण्याचे त्राण नव्हते. पाहतो तो कॅरलने (वय एकोणऐंशी) आपल्या यंत्राने आमचाही ड्राइव्हवे साफ केलेला. तक्रार कुठे नोंदवावी?

२० एप्रिल, सोमवार
कॅरल दारात. हातात चीज-बटाट्याचे भलेथोरले भांडे. "आठवडा झाला, तुमच्याकडून वास नाही. सुधा आजारी आहे का?" आमच्या फोडणीवरून तिला संध्याकाळचे सहा कळत, म्हणे. सौ. मागून आली. आता सांगणार, असे वाटले. तर — "हो, जरा बरं नाही."
शुद्ध असत्य. बटाटे उत्तम होते. दोघांनी दोनदा वाढून घेतले.

२२ एप्रिल, बुधवार
कॅरलचे सूप आले. सौ. सोफ्यावर, शाल पांघरून. रुग्णधर्माचे यथासांग पालन. कॅरल "निघते" म्हणाल्यावर दारात कोट घालून चाळीस मिनिटे उभी.
ती गेल्यावर मी: "सांगून टाक एकदा."
"तुम्हीच सांगा ना! एवढं संस्कृत येतं तर."
तेही खरे. शब्द पुष्कळ, उपयोगाचा एक नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार
सौ. सकाळी साडेआठला कॅरलकडे गेली, खरे सांगायला. आता सव्वाअकरा. समोरच्या खिडकीतून दोघी टेबलाशी दिसतात. बोलते आहे कोण, कळत नाही. दोघींपैकी एकीने मघाशी चष्मा काढून पुसला. पडद्यामुळे कोणी, ते दिसले नाही.
दहाला पाटीवाला आला, खांब-हातोड्यासह. "इथे ठोकू की तिथे?" म्हटले, गृहस्वामिनी येऊ दे, तोवर कॉफी घ्या. स्थानिक शिष्टाचारानुसार दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा बसला. दुसरा कप चालू आहे. पाटी गवतात आडवी.
डेबीचा तिसरा फोन वाजतो आहे. वाजू दे.